सर सॅम्युअलची एस.टी.

हरीशराव खांबेटे रिटायर झाले हे कॉव्हेंट्रीच्या बॉबिन स्ट्रीटवर सगळ्यांना माहीत होतं. पण ते रिकामे आहेत, हे जाहीर करण्याचं पुण्यकर्म शेजारच्या लिलीताई पेणकरांनी केलं, आणि तेही स्ट्रीट पार्टीच्या कमिटीत, भर सभेत. ऑगस्टच्या बँक हॉलिडेला गल्लीला दीडशे वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त प्रत्येक खिडकीत एक पाटी लावायची असं ठरलं होतं: १८८१च्या जनगणनेच्या वेळी या घरात कोण राहत होतं आणि पोटासाठी काय करत होतं. हे शोधून कोण काढणार, असं विचारल्यावर सगळे आपापल्या चहात बघू लागले. लिलीताईंनी हरीशरावांकडे बोट दाखवलं. "गिव्ह इट टू हरीश," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्याकडे वळून शुद्ध मराठीत, "नाहीतरी रिकामाच असतोस ना रे?"

लिलीताई मूळच्या मुंबईच्या, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. ऐंशीला टेकलेल्या. नवरा गेल्यावर लंडन सोडून मुलाच्या जवळ म्हणून इकडे आल्या. मुलगा बर्मिंगहॅमला, म्हणजे जवळ, पण उठसूट डोकावण्याइतका नाही, आणि ते अंतर त्यांनी स्वतःच बेतून निवडलं होतं. कॉव्हेंट्रीत भिंतीला भिंत लावून मराठी बोलणारं माणूस मिळावं, हा हरीशराव आपल्या भाग्याचा भाग समजत. त्या दिवशी तेवढं समजले नाहीत.

तर रेकॉर्ड सेक्रेटरी झालेले हरीशराव दुसऱ्याच दिवशी गावातल्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत हजर झाले. तिथे पेन चालत नाही, पेन्सिलच हवी. बॅग आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवायची. लॉकरला पाउंडाचं नाणं लागतं, आणि ते नाणं कोटात असतं, आणि कोट त्यांनी आधीच दुसऱ्या लॉकरमध्ये कोंबून दार लोटलेलं असतं. या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत सकाळ सरली. बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरकर्जाच्या पेढीत, उभा जन्म लोकांची गहाणखतं तपासण्यात घालवलेल्या माणसाला दारावरच्या पोरीने "फर्स्ट टाइम, लव्ह?" असं विचारावं, हे त्यांना बरंच लागलं.

स्क्रीनवर जुन्या कारकुनांचं अक्षर बघून हरीशरावांना घेरी आली. ओळीच्या ओळी, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. कचेरी चारला बंद होणार, आणि गल्लीत घरं चोवीस. त्यांनी मान खाली घातली आणि भराभर उतरवून घ्यायला सुरुवात केली. उतरवलं ते देवनागरीत. ऑफिसातल्या डेव्हिडने आपलं काही वाचू नये म्हणून ही सवय त्यांनी पहिल्या वर्षी लावून घेतली होती. डेव्हिड रिटायर होऊन स्पेनला गेला, तरी सवय राहिली. या सवयीने पुढे त्यांचा घात केला, म्हणून एवढं सांगितलं.

नुसती नावं आणून कमिटीच्या हवाली करतील तर ते हरीशराव कसले? त्यांनी त्या काळचे जनगणनेचे अहवालही वाचले आणि भारावून गेले. लोकांनी आपापले धंदे हजार तऱ्हांनी सांगितलेले, आणि लंडनच्या कारकुनांनी त्या सगळ्यांना वर्गांच्या खणांत बसवलेलं. कारागिरांची मांडणी तर फारच मजेची. माणूस किती शिकला, किती मोठा, हे बघायचं नाही. हातात माल कुठला आहे ते बघायचं. रेशीम हाताळणारे सगळे रेशमात, लोखंडवाले लोखंडात, आणि हाडं, केस, कातडी हाताळणारे वेगळे. हरीशरावांना हे इतकं पटलं की त्यांनी कमिटीपुढे सूचना मांडली: पाटीवर 'तेव्हा' आणि 'आता' अशा दोन ओळी हव्यात, आणि आजच्या रहिवाशांनाही त्याच जुन्या नियमांनी वर्ग द्यायचा. टाळ्या पडल्या. स्वतःचा वर्ग त्यांनी घरी आल्यावर पाहिला. कामधंद्यातून निवृत्त झालेल्यांची रवानगी शेवटच्या वर्गात होती, तान्ह्या मुलांच्या शेजारी. त्या वर्गाचं एक नाव 'अनुत्पादक' असं होतं.

शिल्पाताईंचा प्रश्न सोपा होता. त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या आणि अजून नोकरीत होत्या. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं की हरीशराव "पॅथॉलॉजी" म्हणून सांगत. खोदून विचारलं तर "ब्लड वगैरे." त्यांनी बायकोला बेधडक पहिल्या वर्गात, डॉक्टर-वकिलांत बसवलं.

आता आपल्या स्वतःच्या घराची, म्हणजे सतरा नंबरची, ओळ. वहीत लिहिलं होतं: 'सॅम्युअल ट्रँटर, नाईट सॉइल मॅन'. हरीशराव चहा पिता पिता थबकले. नाईट! ही तर पदवी. राणीने खांद्याला तलवार लावून दिलेली, सर! आणि 'सॉइल मॅन'? सॉइल म्हणजे जमीन, मॅन म्हणजे माणूस, जमीनवाला माणूस म्हणजे जमीनदार. त्यांनी पेन्सिल घेऊन 'नाईट'च्या पुढे एक स्वल्पविराम दिला. सर सॅम्युअल ट्रँटर, जमीनदार, आणि राहणार कुठे, तर खांबेट्यांच्या घरात.

पुरावाही दारातच होता. त्यांच्या मागच्या बागेतली माती गल्लीत कुणाकडे नाही अशी काळीभोर होती. मेथी अशी तरारून यायची की मंडळात वाटून उरायची. जमीनदाराचीच जमीन ती! त्याच बागेत कोपऱ्यातल्या भिंतीत एक वीट होती, तिच्यावर एस आणि टी अशी दोन अक्षरं कोरलेली. घर घेतलं त्या वर्षी शिल्पाताई ती बघून खूप हसल्या होत्या. "हरीश, इथे एस.टी. थांबते बघ!" तेव्हापासून त्या कोपऱ्याचं नाव एस.टी. स्टँड. तिथे तीन खुर्च्या होत्या, ऊन पडलं की तिथे चहा व्हायचा आणि तिसऱ्या खुर्चीत लिलीताई असायच्या. "आली का रे गाडी?" असं विचारतच त्या फाटकातून आत यायच्या. त्या अक्षरांचा सर सॅम्युअलशी काही संबंध असेल, हे मात्र हरीशरावांच्या ध्यानात आलं नाही. ज्या विटेखाली रोज चहा प्यायचा, तिच्याकडे कोण बघतो?

त्यांनी पहिला फोन बर्मिंगहॅमला केला, चुलतभाऊ रघुवीरला. रघुवीरकडे पाच बेडरूम होत्या आणि त्या तो बोलण्यात आणल्याशिवाय राहत नसे. "नाइटहूड?" रघुवीर म्हणाला. "टेरेस्ड हाउसमध्ये? आउटसाइड टॉयलेटवालं ना ते?" "साधी राहणी होती रे त्यांची," हरीशराव म्हणाले. मग कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. कार्डबोर्डची पाटी रद्द करून पितळी पाटीची चौकशी केली. मागच्या खोलीत शिल्पाताई इस्त्री करत, त्या खोलीला ते स्टडी म्हणू लागले. समोरच्या निवृत्त बस ड्रायव्हरने शंका काढली, की सर असता तर या गल्लीत कशाला राहिला असता, पण तो टॅक्सच्या नावाने खडे फोडणारा माणूस, त्याचं कोण ऐकतो!

रविवारी मुलगी तनू बेसिंगस्टोकहून आली. तिथे ती आय.टी.मध्ये आहे. तिने फोनवर मूळ पान काढलं आणि बोटांनी मोठं केलं.

"बाबा, यात K कुठे आहे?"

"अगं, के सायलेंट असतो."

"सायलेंट असतो. इनव्हिजिबल नसतो." ती वाचत गेली, आणि तिचा चेहरा विचित्र झाला. "बाबा, धिस इज नाइट, लाइक रात्र. नाइट सॉइल. ओ माय गॉड. तो रात्री यायचा आणि सगळ्यांचा शी घेऊन जायचा."

"सगळ्यांची," हरीशरावांनी सवयीने लिंग सुधारलं, आणि मग अर्थ पोचला.

त्यांनी अहवाल पुन्हा उघडला. रस्ते झाडणारे, धुराडी साफ करणारे आणि हे, असे सगळे केरकचऱ्याच्या खणात बसवले होते. देवनागरीत रात्रही नाईट आणि सरदारही नाईट. त्यात लिपीचा काही दोष नव्हता. हरीशराव उठले आणि हात धुऊन आले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. तनू बघत होती. मग ते खिडकीशी जाऊन मेथीच्या वाफ्याकडे पाहत राहिले. मंडळातल्या कितीजणांनी ती मेथी खाल्ली आहे याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला.

आता खरी गोष्ट सांगायची तर लाज वाटते, पण सांगितली नाही तर कथा पुढे सरकत नाही. स्ट्रीट पार्टीनंतर पंधरवड्यात गणपती. मंडळाची निम्मी माणसं खांबेट्यांकडे आरतीला येतात. पाटी खिडकीत, खिडकीच्या आत मखर. गणपतीच्या शेजारी हे असलं? हरीशराव स्वतःला पुढारलेले समजत. जातपात मानत नाही, असं ते चारचौघांत म्हणत, आणि म्हणताना त्यांना बरं वाटे. पण त्या रविवारी आजोळच्या मागच्या दारातून येणारा माणूस त्यांना आठवला, ज्याचं नाव घरात कोणाला माहीत नव्हतं आणि ज्याला पाणी वरून ओतत. आठवण नको होती. त्यांनी वही उघडली. एकोणीस नंबरात, म्हणजे लिलीताईंच्या घरात (विलायतेत विषम नंबर रस्त्याच्या एका बाजूला असतात), जॉर्ज प्लिमर नावाचा घड्याळजी होता. स्वच्छ, टापटीप धंदा. दोन ओळींचं तर अंतर! हरीशरावांनी पेन्सिलीने वरचं खाली केलं आणि खालचं वर. लिलीताईंकडे काही गणपती बसत नाही, असं मनाला सांगितलं. मनाने ते ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही.

ग्रुपवर 'घरनंबरांचा घोळ' असा खुलासा गेला. रघुवीरने विचारलं, "मग तुझे सर कुठे गेले?" त्याला उत्तर गेलं नाही. लिलीताईंना मात्र समोरासमोर सांगणं भाग होतं. हरीशराव पाय ओढत एकोणीस नंबरात गेले. त्या चिडतील, नको म्हणतील, मग ती ओळ चुपचाप गाळून टाकता येईल, अशी एक आशाही होती.

"शी उचलणारा? माझ्या घरात?" लिलीताई म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. "व्हॉट फन! अरे, कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, ठाऊक आहे ना? तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद. काम केलं त्याची लाज नाही रे. शनिवारी केलं असतं तर लाज!" मग त्यांनी चष्मा पुसला. "बिचारा रात्रभर राबत असेल. आणि सकाळी ही गल्ली नाकं वर करून फिरत असेल. छान पाटी कर हं त्याची. मोठ्या अक्षरांत."

हरीशरावांनी केली. मोठ्या अक्षरांत. पुढचे काही आठवडे त्यांना जेवण गोड लागलं नाही. लिलीताई तर पेटल्याच. समोरच्या बस ड्रायव्हरच्या नातीला, मायराला, हाताशी धरून त्यांनी इंटरनेटवर शोध लावला आणि सॅम्युअलची खापरपणती नॉर्थॅम्प्टनमधून हुडकून काढली. "येणार आहे ती पार्टीला!" त्यांनी कुंपणावरून ओरडून सांगितलं. "माझं घर बघायला! एक्साइटेड ना तू?" हरीशराव हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बँक हॉलिडेला इथे हमखास पाऊस असतो; यंदा ऊन पडलं, हा पहिला अपशकुन. रस्त्यावर टेबलं लागली. केक होते, सामोसे होते, लिलीताईंनी केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा होता. खिडक्याखिडक्यांत पाट्या झळकत होत्या. घड्याळजीच्या पाटीखाली उभे राहून हरीशराव लोकांना वर्गांची मांडणी समजावत होते, आणि आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर लागत होता. तेवढ्यात जोन ट्रँटर आल्या. ठेंगण्या, पिकलेल्या, निळा कोट घातलेल्या. लिलीताईंनी त्यांना दारातच मिठी मारली.

जोनबाईंनी चहा घेतला आणि मग जरा संकोचून सांगितलं की त्यांच्या वडिलांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती. सॅम्युअलला लिहायला येत नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिने बापाला दोनच अक्षरं शिकवली, त्याच्या नावाची. ती त्याने मागच्या अंगणातल्या भिंतीच्या विटेत कोरली. घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, पण घर कुठलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ती वीट असेल का अजून? तिला एकदा हात लावावा, एवढीच इच्छा होती.

लिलीताई काठी टेकत अंगणात गेल्या, मागोमाग जोनबाई, मायरा, शिल्पाताई, निम्मी कमिटी. हरीशराव सगळ्यात मागे. भिंतीवरची वेल बाजूला झाली, कुंड्या सरकल्या. ऐंशीच्या लिलीताई गुडघ्यांवर बसून खालच्या विटा चाचपू लागल्या. "असेल, असेल, नीट बघू," म्हणत होत्या. काहीच नव्हतं. जोनबाई हसल्या, पण हसू ओठावर टिकलं नाही. "डॅडने रचलेलीच असेल गोष्ट," त्या हळूच म्हणाल्या. "जाऊ द्या. तुम्ही उठा."

हरीशरावांना अजूनही गप्प राहता आलं असतं. ते गप्प राहिले.

"कुठली अक्षरं, डिअर?" लिलीताईंनी गुडघे झटकत विचारलं.

"एस आणि टी."

अंगणात कुणीतरी केक खाताना थांबलं. लिलीताईंनी मान वर केली. शिल्पाताईंनीही. दोघींनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग कुंपणापलीकडे, जिथे तीन खुर्च्यांच्या मागे भिंतीचा कोपरा दिसत होता, आणि मग हरीशरावांकडे.

"अहो," शिल्पाताई म्हणाल्या.

शिल्पाताई नवऱ्याला एरवी 'हरीश' म्हणतात. लग्नापासून. 'अहो' त्यांनी फार क्वचित म्हटलं आहे, आणि दर वेळी त्यानंतर हरीशरावांना झोप लागलेली नाही.

"घोळ झाला," हरीशराव म्हणाले. मग स्वतःचंच वाक्य खोडलं. "घोळ नाही झाला," ते म्हणाले. "मी बदललं." मग इंग्रजीत, जोनबाईंना: "तो माझ्या घरात राहत होता. मला लाज वाटली." ते इंग्रजी वाक्य त्यांना फार छोटं वाटलं, पण त्याला जोडायला काही सापडेना.

जोनबाई त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट झालं. "माझ्या आजीलाही वाटायची," एवढंच म्हणाल्या. हरीशरावांनी फाटक उघडून त्यांना एस.टी. स्टँडवर नेलं, खुर्ची बाजूला केली. जोनबाईंनी विटेवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. आजूबाजूला मेथी मोकाट वाढलेली.

लिलीताई घरी जाताना थांबल्या. "मला विचारायचंस ना रे, हरीश," त्या म्हणाल्या. "मी आनंदाने ठेवून घेतलं असतं त्याला. खोटं बोलून कशाला दिलास?" हरीशराव मान खाली घालून उभे होते. शाळेत असे उभे राहिल्यानंतर हे पहिलंच.

पण खरा हिशेब घरात व्हायचा होता. शिल्पाताईंनी जेवणं झाल्यावर घड्याळजीची पाटी खिडकीतून काढली आणि टेबलावर ठेवली.

"अहो, मला कुठल्या वर्गात घातलंय तुम्ही?"

"पहिल्या. मेडिकल."

"का? तुमचा नियम काय होता? हातात माल कुठला, ते बघायचं. बरोबर? मी इतकी वर्षं काय हातात घेते?"

हरीशराव टेबलावरची पाटी सरळ करू लागले.

"लोक पोस्टाने पाठवतात, मी तपासते. आतड्याच्या कॅन्सरसाठी. स्टूल, हरीशराव, स्टूल. मराठीत सांगू? मंडळात तुम्ही 'ब्लड' सांगता. मी शेजारी उभी असते, तेव्हाही. मला वाटायचं, जेवणाच्या ताटावर नको म्हणून सांगत असतील." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या सॅम्युअलला तुम्ही शेजारी नेऊन टाकलंत. मी बायको पडले, मला कुठे टाकणार? म्हणून नाव बदललंत."

तिने 'हरीशराव' म्हटलं ते कानात खिळ्यासारखं बसलं. त्यांना म्हणायचं होतं की तसं नाही. पण तसंच होतं, आणि ते त्यांना त्या क्षणापर्यंत खरोखरच ठाऊक नव्हतं. इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

गणपतीच्या आदल्या दिवशी हरीशरावांनी नवी पाटी स्वतःच्या हाताने लिहिली आणि मखराशेजारी खिडकीत लावली. 'तेव्हा: सॅम्युअल ट्रँटर, नाइट सॉइल मॅन. आता: शिल्पा खांबेटे, बॉवेल स्क्रीनिंग. वर्ग तोच. हरीश खांबेटे: अनुत्पादक.' शिल्पाताईंनी ती वाचली आणि "अहो, मोदकाचं पीठ आणायचंय," एवढंच म्हणाल्या.

मंडळ जमलं, आरती झाली. रघुवीरने पाटी मोठ्याने वाचली. "बॉवेल? वहिनी ब्लडमध्ये आहेत ना?"

"नाही," हरीशराव म्हणाले. खोली भरलेली होती, सगळ्यांच्या हातांत मोदक होते. "ती शी तपासते. लोकांची. मी इतकी वर्षं खोटं सांगत होतो." मंडळातल्या श्यामलाकाकूंनी मोदकाकडे बघितलं, क्षणभर विचार केला, आणि खाल्ला. कोणीतरी तूप मागितलं. एवढंच झालं. एवढंच होणार होतं तर इतकी वर्षं कशासाठी, हे हरीशरावांना कळेना.

मंडळी पांगल्यावर ते एस.टी. स्टँडवर चहा घेऊन गेले. शिल्पाताई तिथे बसल्या होत्या, आणि समोर रघुवीर उभा होता, पाच बेडरूमवाला, कान लाल झालेला.

"वहिनी, ते तुमच्या तपासणीचं किट येतं ना पोस्टाने... साठी झाल्यापासून येतंय. ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलंय." तो विटेकडे बघून बोलत होता. "त्रास होतोय हल्ली थोडा. पण ते करायचं, पाकिटात घालायचं, पोस्टात टाकायचं... लाज वाटते हो. कोणाला विचारणार? तुम्ही त्यातल्या आहात हे ठाऊक असतं तर..."

शिल्पाताई उठल्या. "त्रास होतोय तर आधी उद्या सकाळी जी.पी.ला फोन करायचा, भावजी. आणि किटही करायचं. उद्याच."

"पोस्टात टाकायला मी जाणार नाही. नाक्यावर सगळे ओळखतात."

"माझ्याकडे दे," हरीशराव म्हणाले. "मी येतो बर्मिंगहॅमला. मी टाकतो. मी रिकामाच असतो."

कुंपणापलीकडून लिलीताईंनी "आली का रे गाडी?" म्हणून हाक दिली. शिल्पाताईंनी नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला.

"आल्यावर हात धूत बसू नकोस, हरीश," त्या म्हणाल्या. "पाकीट बंद असतं."